प्रश्न सभागृहात पोचण्याआधी

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एका विधिमंडळ सदस्याचं जनसंपर्क कार्यालय आहे. तिथल्या लिखापढीचं काम माझ्याकडे असतं. एरवी दिवस उत्पन्नाचे दाखले, दवाखान्याची मदत आणि बदलीच्या अर्जांत जातो. अधिवेशन जवळ आलं की टेबलावर तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि कपात सूचनांचे कागद येतात. विधिमंडळ म्हटलं की लोकांना टीव्हीवरचा गोंधळ आणि पायऱ्यांवरच्या घोषणा आठवतात. मला आठवतो तो चार पोटप्रश्नांचा एक कागद, कारण विधानसभेचं काम मी जवळून पाहिलंय ते त्या कागदातूनच.

उन्हाळ्यात काही मंडळी पंचगंगेचं काळं पाणी बाटलीत भरून घेऊन आली. "दादा, एक प्रश्न टाका की विधानसभेत. शासन झोपलंय काय, असं थेट विचारा." त्यांचा राग खरा होता. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा या नदीकाठच्या माणसांनी काय सोसलं ते अजून कुणी विसरलेलं नाही. पण 'झोपलंय काय' असा प्रश्न दाखल होत नाही. प्रश्नात मत, तर्क, उपरोध, आरोप चालत नाही. माहिती तेवढी मागता येते. मग मी विचारत गेलो. पाणी कुठल्या नाल्यातनं आलं? कुठल्या तारखेला? कुणाला लेखी कळवलं? बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. निवेदनाची पोच होती, वर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. माझं निम्मं काम तिथंच झालं.

प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षं ठरलेला आहे. पहिल्या पोटप्रश्नात घटना सांगायची आणि शेवटी 'हे खरे आहे काय' असं विचारायचं. दुसऱ्यात, 'असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय'. तिसऱ्यात चौकशीत काय आढळलं आणि तदनुसार कोणती कार्यवाही केली. चौथ्यात, 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. साचा सोपा वाटतो, पण सगळा भार पहिल्या पोटप्रश्नावर असतो. तिथं 'हे खरे नाही' असं उत्तर आलं की खालच्या तिन्हींपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढंच छापून येतं. माणसं तावातावानं 'संपूर्ण नदी विषारी झाली आहे' असं लिहून आणतात. संपूर्ण नदी विषारी नाही, एवढ्यावर खातं मोकळं होतं.

म्हणून त्या दिवशी आम्ही नदीवरून नाल्यावर आलो. जयंती नाल्यातलं सांडपाणी प्रक्रियेविना नदीत मिसळत असल्याचं नागरिकांनी अमुक तारखेच्या निवेदनाद्वारे कळवलं, हे खरे आहे काय. निवेदन मिळालं हे कुणाला नाकारता येत नाही, पोच हातात आहे. मग आकडे. कसबा बावड्याचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र दिवसाला 76 दशलक्ष लिटर क्षमतेचं, दुधाळीचं 17 दशलक्ष लिटरचं. शहरात रोज सांडपाणी किती तयार होतं, त्यातलं प्रत्यक्ष किती या केंद्रांत पोचतं, उपसा पंप त्या महिन्यात किती दिवस बंद होते? 'कार्यवाही सुरू आहे' म्हणून सुटता येईल अशी जागा ठेवायची नाही. गुरुजींना प्रश्न वाचून दाखवला. म्हणाले, "यात राग कुठं दिसत नाही हो." मी म्हटलं, गुरुजी, तो उत्तर लिहिणाऱ्याला बरोबर कळतो.

प्रश्न आता ऑनलाइन भरला जातो. विधानमंडळ सचिवालयानं स्वीकारला की तो मंत्रालयात संबंधित खात्याच्या कक्ष अधिकाऱ्याकडे जातो, तिथून महापालिकेच्या आयुक्तांकडे, तिथून पायऱ्या उतरत उतरत एका कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर. वर लिहिलेलं असतं 'विधिमंडळ कामकाज, अति तातडीचे'. अशाच एका अभियंत्याकडे संध्याकाळी मी बसलो होतो. सातला ऑफिस रिकामं झालं आणि त्यांनी पंपांची नोंदवही पुढं ओढली. तारखेमागून तारीख, कुठला पंप किती तास चालला, वीज कधी गेली. ते पेन्सिलीनं खुणा करत बेरीज घेत होते. नुसतं उत्तर देऊन भागत नाही. सभागृहात कुणी काय उपप्रश्न विचारील याचा अंदाज घेऊन मंत्र्यांसाठी पूरक टिपणीही द्यावी लागते. त्या नोंदवहीची अशी बेरीज एरवी कुणी मागितली असती का? मुंबईत एका कागदाला क्रमांक पडला म्हणून कोल्हापुरातली वही उघडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. प्रश्न चर्चेला आला की नाही, हा पुढचा भाग.

बहुतेक वेळा तो येत नाहीच. प्रश्नोत्तरांचा तास एकच, सभागृहात सदस्य 288. यादीतले वरचे मोजके प्रश्न पुकारले जातात. गोंधळात कामकाज तहकूब झालं की तो तास गेला. त्या वेळी जीव तुटतो, कारण मंत्र्यांना समोरासमोर विचारायचे उपप्रश्न आम्ही वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलेले असतात. तरी लेखी उत्तर छापून येतं. 'अंशतः खरे आहे.' वरवर मिळमिळीत वाटतं, पण खात्यानं स्वतः दिलेले आकडे त्याच्याखाली असतात. हरित लवादापुढे किंवा न्यायालयात जाणाऱ्याला तो कागद वापरता येतो.

आणि मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत करू' म्हणाले, तर ते वाक्य आश्वासन म्हणून वेगळं काढलं जातं आणि आश्वासन समितीकडे जातं. समित्यांचं काम लोकांना दिसत नाही, बैठका बंद दाराआड होतात. लोकलेखा समिती महालेखापालांच्या अहवालातले परिच्छेद घेऊन बसते आणि खात्याच्या सचिवांची साक्ष काढते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार असली की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. जुन्या लेखाआक्षेपांच्या फायली तेव्हा बाहेर निघतात. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे सदस्य समितीत शेजारी बसून एकाच अधिकाऱ्याला एकच गोष्ट विचारतात. मला विचाराल तर विधिमंडळाचा कणा तिथं आहे, आणि अधिवेशनाचे दिवस कमी होत असताना समित्यांच्या बैठका वेळेवर व्हाव्यात यासाठी आपण जास्त आग्रह धरायला हवा.

प्रश्न विचारायचा हा हक्क इथं कसा आला तेही बघण्यासारखं आहे. आमचं कार्यालय आहे ती राजारामपुरी वसली संस्थानकाळात. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1952 च्या निवडणुकीनंतर इथला आमदार मुंबईच्या सभागृहात प्रश्न विचारू लागला. आजोबांच्या पिढीला मिळालेला हा हक्क आहे. शहराच्या हद्दवाढीचंच बघा. 1972 साली महापालिका झाली, पण हद्द होती तिथंच राहिली; हा विषय किती अधिवेशनांत, किती सदस्यांनी मांडला असेल. त्यावर आजवर मिळालेली उत्तरं एकापुढे एक लावली तर कुठलं सरकार कधी काय म्हणालं हे तारखेनिशी सांगता येतं.

आमच्याकडे त्यासाठी एक जाड रजिस्टर आहे. प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, आश्वासन दिलं असल्यास काय, मुदतवाढ मागितली असल्यास कितव्यांदा. नाल्याच्या प्रश्नापुढचा शेवटचा रकाना अजून रिकामा आहे. गुरुजी महिन्यातून एकदा येतात आणि नवीन निवेदनाची पोच देऊन जातात. हिवाळी अधिवेशन नागपूरला आहे. त्यासाठी प्रश्न देण्याची मुदत संपायच्या आत पंपांच्या पुढच्या महिन्यांची आकडेवारी मागणारा प्रश्न तयार करायचा आहे.