व्यवस्थापनाचे शिक्षण आणि लॅपटॉपची निवड

आमच्या बेळगावातील पुष्कळ घरांतून आता मुलेमुली पदवीनंतर व्यवस्थापनाचे, म्हणजे सर्वत्र ज्याला एम.बी.ए. म्हणतात ते शिक्षण घेण्यासाठी पुणे, मुंबई, बंगळूर, इंदूर अशा ठिकाणी जातात. प्रवेशाचे पत्र हाती पडले, की फी, वसतिगृह व कर्ज ह्यांच्या पाठोपाठ चौथा प्रश्न उभा राहतो तो लॅपटॉपचा. पहिल्या तिहींना घरातील वडीलधारी मंडळी कशीबशी उत्तरे देतात. चौथ्याच्या वेळी मात्र घरात जो कोणी ‘शिकलेला’ असेल त्याला पुढे करण्यात येते. आमच्या कुटुंबात हा मान आम्हांस मिळाला, आणि २०२३ साली आम्ही तो पुरता घालवला. ती हकीकत आधी सांगतो, कारण पुढचे सारे शहाणपण तीतूनच आले आहे.

आमच्या भाचीस पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला. मेहुण्यांचे कापडाचे लहानसे दुकान. बहिणीने भिशीचे उचललेले पैसे आमच्या हाती दिले व म्हणाली, “भाई, तुम्हीच बघून घ्या.” आम्ही गणित शिकवतो, तेव्हा आकडे आम्हांस कळतात असा तिचा समज, आमचाही तोच. दुकानदाराने दोन यंत्रे पुढे ठेवली. एकावर ‘आय-फाइव्ह’ची चिकटपट्टी होती, दुसऱ्यावर ‘आय-सेव्हन’ची. किंमत जवळजवळ सारखीच. पाचापेक्षा सात मोठा, हे तर पहिलीतले पोरही सांगेल! आम्ही सात घेतला, आणि पडदा मोठा म्हणून वर दुकानदाराचे आभार मानले.

दुसऱ्या सत्रात एका रात्री अकराच्या सुमारास भाचीचा फोन आला. गटाचा प्रकल्प बारापर्यंत द्यायचा, हिच्या वाट्याचे एक्सेलचे कोष्टक काही लाख ओळींचे, जोडीला वीस-पंचवीस वेबपाने उघडी आणि सोबत्यांशी पडद्यावरची बैठक चालू. यंत्र गोठले ते हलेचना. “मामू, माझ्यामुळे पाचजणांचे गुण जातील,” एवढेच ती बोलली. प्रकल्प उशिरा गेला व गुण कापले गेले. यंत्र दुरुस्ताकडे नेले तेव्हा त्याने झाकण उघडून दाखवले: आठ जीबी मेमरी पाटीवरच डाखून बसवलेली, वाढवायला जागाच नाही.

मेमरी, म्हणजे रॅम, हा काय प्रकार आहे हे आम्ही आता शिक्षकाच्या भाषेत सांगतो. परीक्षेचे गठ्ठे कपाटात असतात. तपासायला घेतलेले पेपर टेबलावर. कपाट म्हणजे यंत्रातील साठवण, टेबल म्हणजे रॅम. टेबल लहान असेल तर हुशार शिक्षकाचाही वेळ गठ्ठे कपाटात ठेवण्यात व काढण्यात जातो. यंत्राचेही तेच होते: रॅम भरली, की ते साठवणीत तात्पुरती जागा करून काम ढकलू लागते, आणि साठवण कितीही वेगवान असली तरी ती रॅमच्या पासंगालाही पुरत नाही. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यांपैकी चौथा हिस्सा जरी भरला व त्यावर सूत्रे चालवली, तरी टेबल किती मोठे हवे ह्याची कल्पना यावी. म्हणून आज ह्या शिक्षणासाठी १६ जीबी रॅम ही किमान समजावी. पातळ यंत्रांत ती बहुधा पाटीवर डाखलेलीच असते, म्हणजे विकत घेतेवेळीच पुरेशी घ्यावी लागते. साठवण ५१२ जीबीची एसएसडी पुरे. विंडोज तीच ४७६ जीबीच्या आसपास दाखवते. हा मोजण्याच्या रीतीतला फरक आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे.

लबाडी, किंवा निदान गोंधळ, असतो तो प्रोसेसरच्या नावांत. आम्ही घेतलेला ‘सात’ हा इंटेलच्या अकराव्या पिढीतला, म्हणजे २०२० सालचा; शेजारचा ‘पाच’ तेराव्या पिढीतला होता व त्याहून चपळ होता. तीन वर्षे पडून राहिलेला माल आम्ही नव्याच्या भावाने घेतला. एएमडीच्या रायझन चिपांत तर आणखी गंमत आहे. ‘रायझन ५ ७५२०यू’ हे नाव पाहून ग्राहकास वाटते की ७००० च्या मालिकेतली, म्हणजे २०२३ ची नवी चीज. परंतु त्या मालिकेत खरी पिढी तिसरा अंक सांगतो, आणि येथे तो २ आहे. म्हणजे आतली रचना २०१९ सालची. यास्तव पेटीवरचा मोठा आकडा न वाचता चिपचे संपूर्ण नाव कागदावर उतरवून घ्यावे, घरी येऊन त्याचे साल शोधावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जावे. दुकानदार ‘आजच सवलत आहे’ म्हणेल. म्हणू द्यावे.

येथे थोडे विषयांतर. पहिले यशस्वी कोष्टक-सॉफ्टवेअर ‘व्हिजिकॅल्क’ हे व्यवस्थापनाच्या वर्गातच सुचले. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. एक आकडा बदलला की फळ्यावरचे सारे कोष्टक पुसून पुन्हा मांडावे लागते, हा त्रास चुकवण्याची कल्पना त्यांना १९७८ च्या सुमारास आली आणि बॉब फ्रँकस्टन ह्यांच्या साहाय्याने १९७९ मध्ये ती ॲपल-२ ह्या संगणकासाठी बाजारात आली. ह्या शिक्षणाचे व संगणकाचे नाते असे कोष्टकाचे आहे. चित्रपट-संकलनाचे अथवा खेळांचे नव्हे. भारी ग्राफिक्स कार्डाचे ‘गेमिंग’ यंत्र घेऊन देणाऱ्या पालकांनी हे ध्यानी घ्यावे. ते यंत्र दोन-सव्वादोन किलोंच्या पुढे भरते, त्याचा चार्जर विटेएवढा, आणि बॅटरी दुपारच्या आत मान टाकते.

वजनाकडे आम्ही स्वतः मुळीच लक्ष दिले नव्हते. विद्यार्थी सकाळी वर्गात, दुपारी गटाच्या चर्चेस, संध्याकाळी ग्रंथालयात, असा दिवसभर यंत्र पाठीवर घेऊन हिंडतो. सव्वा ते दीड किलो वजन, १४ इंचांचा पडदा आणि वर्गात प्लग न शोधता सहा-सात तास टिकेल अशी बॅटरी, इतके जमले तर उत्तम. पडदा १९२० बाय १२०० ठिपक्यांचा असल्यास नेहमीच्या १९२० बाय १०८० पेक्षा कोष्टकाच्या काही ओळी अधिक दिसतात. दिवसभर आकडे वाचणाऱ्यास ही किरकोळ बाब नव्हे.

विंडोज की मॅक, ह्यावरून घराघरांत वाद होतात. एक्सेल हे १९८५ साली प्रथम मॅकिंटॉशवर आले व विंडोजवर १९८७ मध्ये, हे आज कोणास सांगून खरे वाटणार नाही. कारण आता एक्सेलचा पूर्ण संसार विंडोजवरच आहे. मॅकच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट नाही, पॉवर बीआयचा डेस्कटॉप अवतार मॅकवर थेट चालत नाही, आणि ऑल्ट कळ दाबून भराभर काम करण्याची जी सवय वित्तशाखेची मुले लावून घेतात ती मॅकवर तशीच उतरत नाही. उलट बाजूने, मॅकबुक एअर हलके आहे, त्याची बॅटरी दीर्घकाळ टिकते आणि पंखा नसल्याने ते आवाज करीत नाही. विपणन अथवा मनुष्यबळ हा विषय घेणाऱ्यास ते खुशाल चालेल. वित्त किंवा विश्लेषण घेणाऱ्याने विंडोजच घ्यावे, असे आमचे मत झाले आहे. हल्ली एआरएम जातीच्या चिपांवर चालणारी विंडोज यंत्रेही मिळतात. त्यांची बॅटरी चांगली, पण काही जुनी सॉफ्टवेअरे त्यांवर अडतात. संस्थेचे परीक्षेचे सॉफ्टवेअर चालते की नाही हे विचारल्यावाचून ती घेऊ नयेत. क्रोमबुक तर ह्या कामाचे नव्हेच. डेस्कटॉपचे एक्सेल त्यावर बसत नाही.

वास्तविक पहिले काम हेच, की संस्थेच्या कार्यालयास पत्र टाकून किमान अपेक्षा काय आहेत ते विचारावे. कित्येक संस्था वर्ड, एक्सेल वगैरेंचा परवाना विद्यार्थ्यास फुकट देतात, मग तो दुकानात वेगळा विकत घेण्याचे कारण उरत नाही. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर त्याच अर्जात लॅपटॉपची किंमत धरता येते का हेही बँकेस विचारावे. अभ्यासक्रमास आवश्यक असा संगणक वाजवी किंमतीत घेण्याची तरतूद बँकांच्या आदर्श कर्जयोजनेत आहे. आम्हांस हे ठाऊक नसल्याने बहिणीची भिशी खर्ची पडली.

जुने यंत्र घेण्यास हरकत नाही. मात्र विंडोज-१० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज-११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी वा तिच्या पुढची लागते. त्याहून जुने यंत्र कितीही स्वस्त असो, दोन वर्षांच्या शिक्षणासाठी घेऊ नये. बॅटरी नवी घालण्याचा खर्चही किंमतीत धरावा.

भाचीने दुसऱ्या वर्षी उन्हाळी उमेदवारीच्या विद्यावेतनातून स्वतःच दुसरे यंत्र घेतले: १६ जीबी, चौदा इंच, सव्वा किलोच्या थोडे वर. दुकानात आम्हांस सोबत नेले, पण बोलू दिले नाही. तो आय-सेव्हन आता आमच्याकडे असतो. त्यावर आम्ही नववीच्या प्रश्नपत्रिका छापतो, आणि तेवढ्याला तो चांगला चालतो.