अनुत्तरित प्रश्नाचं गाणं

लोकगीतांच्या वळणाच्या गाण्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची साथ मिळाली आणि १९६०च्या दशकात फोक-रॉक नावाचा प्रकार रुजला. त्यातलं माझं सर्वांत लाडकं गाणं इंग्लंडमधलं आहे. सँडी डेनी हिनं ते विशीच्या उंबरठ्यावर लिहिलं: 'हू नोज व्हेअर द टाइम गोज'. वेळ कुठे जातो कोण जाणे, असं आपण घरात दिवसातून दहादा म्हणतो. एवढ्या साध्या उद्गारावर गाणं उभं करायला धारिष्ट लागतं.

शब्दांची करामत त्यात नाही. संध्याकाळी आभाळातून निघालेली पाखरं दिसतात. जायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या कडव्यात ओसाड किनारा आणि पांगणारे मित्र. तिसऱ्यात जवळचं माणूस, हिवाळी वादळं आणि वसंतात परत आलेली पाखरं. खरी गंमत कडव्यांच्या शेवटी आहे. गाणारी आधी म्हणते की काळाचा विचार तिच्या मनात नाही. मग त्याचा हिशेब ठेवत नाही, म्हणते. आणि अखेरीस त्याचं भय उरलेलं नाही. तीन लहान पावलं, पण केवढं अंतर! प्रत्येक पावलानंतर पालुपद येतं, समेवर यावं तसं, आणि दर वेळी त्याचं वजन बदललेलं असतं.

'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या वाद्यवृंदाबरोबर तिनं ते १९६९च्या 'अनहाफब्रिकिंग' या तबकडीसाठी गायलं. रिचर्ड थॉम्पसनची गिटार ओळींमधल्या मोकळ्या जागेत बोलते, शब्दांवर चढत नाही. साथीदारांनी हे ऐकून ठेवावं! तबकडी बाजारात येण्याआधीच, मे महिन्यात, वाद्यवृंदाच्या गाडीला अपघात झाला आणि ड्रमवादक मार्टिन लँबल १९व्या वर्षी गेला. सँडीही १९७८ साली, अवघ्या ३१व्या वर्षी गेली.

तेव्हापासून अनेकजण हे गाणं शोकगीतासारखं गातात. लय ओढायची, आवाज कापरा करायचा. मला ते पटत नाही. हे शब्द लिहिणाऱ्या मुलीला पुढचं काहीच माहीत नव्हतं. तिचा मृत्यू आपण त्या शब्दांत ओतला, तर तिसऱ्या कडव्यातला निर्भय सूर बुडतो आणि गाण्याचा प्राणच जातो. जूडी कॉलिन्सनं १९६८ सालीच, सँडी हयात असताना, ते गायलं होतं. ते ध्वनिमुद्रण जरूर ऐकावं. २००७ साली बीबीसी रेडिओ-२च्या श्रोत्यांनी आपलं सर्वांत आवडतं फोक गाणं म्हणून सँडीच्याच गाण्याला कौल दिला.

इंग्रजीत शीर्षकाचा शेवटचा शब्द लांब 'ओ' स्वरावर उघडतो, म्हणून गळ्याला तिथे हवं तेवढं थांबता येतं. शेवटच्या पालुपदात तर काळाच्या जोडीला प्रेमाच्या वाढीचाही प्रश्न येतो. पाखरं परतली, भीती गेली, तरी उत्तर कुणी देत नाही.