पित्त अंगावर, संशय ताटावर

संध्याकाळी पाठीला खाज सुटते, खाजवता खाजवता मानेपर्यंत लाल गांधी उठतात आणि घरात चौकशी सुरू होते: दुपारी काय खाल्लंस? वांगं, शेंगदाणे, आंबट ताक, कालची कोळंबी... एकेक आरोपी उभा केला जातो. कोणी आमसुलाचं पाणी अंगाला चोळतं, आजी घोंगडी काढते, कोणी ॲसिडिटीच्या औषधाची बाटली शोधतं. सकाळपर्यंत गांधी मावळतात आणि श्रेय आमसुलाला जातं.

आमसूल लावलं नसतं तरी त्या मावळल्याच असत्या. एक गांध सहसा चोवीस तासांच्या आत विरते, तीही डाग न ठेवता. एखादीभोवती पेनाने रेघ मारून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी रेघ उरते, गांध नसते. नव्या गांधी दुसरीकडे उठलेल्या असतात. एकच गांध याहून जास्त टिकली, खाजण्याऐवजी दुखू लागली किंवा काळसर डाग ठेवून गेली, तर मात्र ती त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला हवी.

सगळ्यांत चिवट गैरसमज पोटातल्या पित्ताचा. यकृतातलं पित्त किंवा जठरातलं आम्ल कातडीतून बाहेर फुटत नाही. कातडीत मास्ट पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. या पेशी बिथरल्या की हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतला द्रव झिरपतो आणि कातडी फुगते. म्हणून इथे अँटासिड कामाचं नाही, हिस्टामिनला अडवणारी गोळी कामाची. घोंगडीच्या उबेने तर खाज वाढतेच. गार पाण्याची पट्टी बरी. मात्र काहींना गारव्यानेच गांधी उठतात. अशांनी बर्फ लावू नये आणि विहिरीत किंवा तलावात उडी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण सगळं अंग एकदम गार पडल्यावर रक्तदाब कोसळू शकतो.

आणि नाही, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

आता ताटाकडे. अन्नाची खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा उठते. परवाच्या वांग्यावर आज खटला चालत नाही. लहान मुलांत अचानक गांधी उठण्यामागे बरेचदा नुकताच झालेला सर्दी-ताप असतो. मोठ्यांनी आधी गोळ्या आठवाव्यात: ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एखादं अँटिबायोटिक.

किनाऱ्यावरच्या घरांत आणखी एक घोळ होतो. बांगडा किंवा कुपा बर्फाविना पडून राहिला, की जिवाणू त्याच्या मांसातच हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून, तळूनही जात नाही. जेवल्यावर तासाभरात तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते, अंगावर गांधीही उठतात. हुबेहूब ॲलर्जी, पण ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा. तोच मासा खाल्लेल्या इतरांनाही त्रास झाला का, हे विचारलं की उलगडा होतो. बिचाऱ्याने एका शिळ्या बांगड्यापायी जन्मभर मासे सोडायचं काही कारण नाही. कोळंबीची गोष्ट वेगळी. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन खरी ॲलर्जी आणतं, आणि उकळूनही टिकतं.

सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी उठत राहिल्या तर दुखणं जुनाट मानतात, आणि तिथे अन्न क्वचितच दोषी असतं. अनेकांत स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना डिवचत असते. थायरॉइडचा विकार सोबतीला असू शकतो. तरीही माणसं पदार्थांच्या लांबलचक यादीची महागडी रक्ततपासणी करून घेतात आणि अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसलेलं सगळं बंद करतात. नुसत्या पॉझिटिव्हवरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. वाढत्या मुलाचं दूध, अंडी, डाळ अशा कागदावरून तोडणं हा निव्वळ अन्याय.

‘गोळीची सवय लागते’ ही भीतीही अशीच. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांचं व्यसन लागत नाही. जुनाट दुखण्यात गांधी उठल्यावर एक गिळायची, हीच मोठी चूक. गोळी रोज, ठरल्या वेळी घ्यायची असते. पुरेसा गुण आला नाही तर डॉक्टर मात्रा चौपटीपर्यंत वाढवू शकतात आणि तेही कमी पडलं तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन आहे. सावध राहायचं ते मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडपासून: दोन दिवसांत आराम, आणि महिनोन्‌महिने घेतल्यास साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

गांधींबरोबर जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, उलट्या किंवा चक्कर आली, तर गोळीच्या परिणामाची वाट पाहू नये. तेव्हा मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. रुग्णाला उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा.