ठेवलेला माल कधी विकायचा? भाव वाढताना नाही, *आधी* ठरवा



गोदामात सोयाबीन ठेवलेल्या बऱ्याच सभासदांचा एकच प्रश्न येतोय, "साहेब, अजून थांबू का?" भाव कुठपर्यंत जाईल हे आम्हालाही सांगता येणार नाही, कुणालाच येत नाही. पण कधी बाहेर पडायचं, याचा नियम मात्र करता येतो. आजचा मेसेज त्यासाठी. थोडा मोठा आहे, सवडीने वाचा.

*आधी मागचं आठवा*
२०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या वर गेलं होतं. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पुढे नवीन माल आला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव साधारण निम्म्यावर आला. २०२२ च्या एप्रिलच्या आसपास तो परत ७ हजारांच्या वर गेला. तेव्हा अनेकांनी "१० होऊ दे, मग बघू" म्हणून माल ठेवला. १० काही झाले नाहीत. तोच माल पुढे ५-साडेपाच हजारांत विकावा लागला.
चूक माल ठेवण्यात नव्हती. कधी विकायचं हे ठरवलेलं नव्हतं, ती चूक.

*नियम काय?*
वायदे बाजारात 'ट्रेंड' धरून व्यापार करणारे लोक शेंडा पकडायला जात नाहीत. भाव चढतोय तोवर थांबतात, वळला की निघतात. १९८३ मध्ये शिकागोच्या रिचर्ड डेनिसने नवख्या लोकांना हेच शिकवलं. त्यांना 'टर्टल' म्हणजे कासव म्हणत. घेतलेल्या मालातून बाहेर पडायचे त्यांचे नियम साधे होते: एका पद्धतीत भाव गेल्या १० दिवसांच्या तळाखाली गेला की विका, दुसरीत २० दिवसांच्या.

आपण वायदे करायचे नाहीत. पण घरातल्या मालाला हा नियम लागू होतो.

*आपल्या मालाचे तीन भाग करा*
१) पहिला भाग काढणीनंतरच विका. देणी, मजुरी, रब्बीचा खर्च यातून भागवा. देणं अंगावर असलं की नियम पाळला जात नाही.
२) दुसरा भाग: दर गेल्या १० बाजार दिवसांतल्या सर्वात कमी दराखाली आला की विका.
३) तिसरा भाग: २० बाजार दिवसांच्या सर्वात कमी दराखाली आला की विका.

*उदाहरण* (आकडे समजण्यापुरते)
भाव ४,४०० वरून चढत ५,३०० झाला. तेव्हा १० दिवसांचा तळ ५,१२० आणि २० दिवसांचा ५,०००. मग भाव उतरू लागला. ५,१०० झाला, दुसरा भाग विका. ४,९८० झाला, तिसराही विका. ५,३०० मिळाले नाहीत, खरंय. पण भाव पुढे ४,३०० झाला तर तुम्ही त्यात नाही.
भाव चढत राहिला तर तळही वर सरकतो, विकायचा आकडा आपोआप वाढतो. *तो आकडा खाली मात्र कधीच आणायचा नाही.*

*कोणता दर धरायचा?*
बाजार समितीच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. *सर्वसाधारण* धरा. कमाल दर एखाद्या निवडक लॉटचा असतो. रोज एकाच बाजार समितीचा दर लिहा, आज एकीचा आणि उद्या दुसरीचा नको.

*थांबण्याचा खर्च*
समजा भाव ४,५०० आहे. व्याज, भाडं, विमा मिळून महिन्याला क्विंटलमागे ४० रुपये धरले तर ६ महिन्यांत २४०. एक टक्का घट धरली तर आणखी ४५. म्हणजे ४,७८५ मिळाले तरच बरोबरी. तुमचे आकडे टाकून हिशेब करा.
पणन मंडळाच्या तारण योजनेत सोयाबीनवर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. ती मुदत हीच तुमची शेवटची तारीख समजा. तळ तुटला नसला तरी त्याआधी माल मोकळा करा. नवीन आवक सुरू व्हायची वाट पाहू नका.

*या नियमाचा तोटाही ऐका*
भाव एकाच जागी वर-खाली होत असेल तर तुम्ही विकाल आणि आठवड्याने भाव परत चढेल. असं होणारच. म्हणून तर तीन भाग. एकदा असं झालं म्हणून पुढच्या वेळी नियम मोडलात, तर नेमका तेव्हाच मोठा उतार लागतो.

*आज एवढं करा*
गोदाम पावतीच्या मागे तीन गोष्टी लिहा: आजचा २० दिवसांचा तळ, खर्च धरून बरोबरीचा भाव, शेवटची तारीख. घरच्यांनाही दाखवा. विकायची वेळ येते तेव्हा "अजून दोन दिवस बघू" असं आपणच म्हणतो, तेव्हा आठवण करून देणारं कुणीतरी हवं.

रोजचा सर्वसाधारण दर संध्याकाळी याच यादीवर येईल. काही अडलं तर आपल्या गटप्रमुखांशी बोला.

आपला,
बाजार विभाग