स्विमिंग पूल हिरवा झालाय? घाईनं औषध ओतण्याआधी हे वाचा

कुंभकोणमहून चेन्नईच्या रस्त्यानं निघालं की तिरुप्पनंदाळ लागतं. कावेरीच्या खोऱ्यातला हा भाग. भातशेती, कालवे आणि देवळांशेजारची तळी. तळ्याचं पाणी हिरवट दिसलं, तर इथं कुणाला नवल वाटत नाही. तिथं मासे असतात, पाणवनस्पती असतात. शेवाळही त्यातलंच एक.

पण तोच हिरवा रंग घरच्या स्विमिंग पूलमध्ये दिसला तर? सुट्टीत मुलं येणार म्हणून तुम्ही कव्हर काढता आणि पाणी पालकाच्या सूपसारखं! अशा वेळी दोन चुका हमखास होतात. मुलं हट्ट करतात म्हणून त्यांना पाण्यात उतरू दिलं जातं, किंवा हाताला येईल ते औषध ओतलं जातं. दोन्ही महागात पडू शकतात.

पाणी हिरवं का होतं?

शेवाळाचे सूक्ष्म कण वाऱ्यासोबत, पावसासोबत, पालापाचोळ्यातून पाण्यात येतच राहतात. पुरेसं क्लोरीन असेल तर ते वाढण्याआधीच मरतात. क्लोरीन संपलं, फिल्टर बंद राहिला आणि वर कडक ऊन असलं की दोन-तीन दिवसांतही पाणी हिरवं होऊ शकतं. बागेतलं खत पावसाच्या पाण्याबरोबर पूलमध्ये वाहून आलं, तर शेवाळाला आयतं खाद्यच मिळतं.

म्हणजे हिरवा रंग हा निरोप आहे: पाण्यातलं क्लोरीन संपलंय. शेवाळाला थोपवत नाही ते पाणी जंतूंनाही थोपवत नाही.

ऑलिम्पिकमध्येही हेच झालं!

ऑगस्ट २०१६. रिओ ऑलिम्पिकमधला डायव्हिंगचा पूल बघता बघता हिरवागार झाला आणि जगभर चर्चा झाली. नंतर आयोजकांनी कारण सांगितलं: पूलमध्ये ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं गेलं होतं. त्यामुळे क्लोरीन निष्प्रभ झालं आणि शेवाळाला मोकळं रान मिळालं. शेजारच्या पूलमधलं पाणी तर बदलावंच लागलं. एक चुकीचं रसायन तिथं एवढा गोंधळ घालू शकतं, तर आपल्या अंगणात काय होईल?

आधी खात्री करा

भिंतीवरून हात फिरवा. बुळबुळीत लागलं आणि पाणी गढूळ असलं, तर ते शेवाळ. पाणी हिरवट पण आरपार स्वच्छ असेल, तर बोअरवेलच्या पाण्यातलं लोह किंवा तांबं कारण असू शकतं. तेव्हा क्लोरीन वाढवून उपयोग नाही, पाणी तपासून घ्या.

आता क्रमानं करा

१. पाने, काडीकचरा जाळीनं काढा. भिंती, पायऱ्या, कोपरे ब्रशनं घासा. चिकटलेलं शेवाळ सुटलं नाही, तर औषध आतपर्यंत पोचत नाही.

२. टेस्ट किटनं पीएच तपासा. तो ७.२ ते ७.४ च्या आसपास आणा. पीएच जास्त असेल तर क्लोरीनची ताकद कमी पडते.

३. संध्याकाळी क्लोरीनचा मोठा डोस द्या. दिवसा ऊन ते उडवून लावतं. ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट असेल, तर दर १,००० लिटरला सुमारे १५ ग्रॅम टाकल्यावर क्लोरीन १० पीपीएमनं वाढतं. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल पूलमध्ये २१,६०० लिटर पाणी मावतं, म्हणजे साधारण ३३० ग्रॅम. साध्या ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन कमी असतं, म्हणून पाकिटावरचा आकडा आधी वाचा.

४. फिल्टर सलग २४ तास चालवा. मध्ये मध्ये बॅकवॉश करा.

५. दुसऱ्या दिवशी पाणी राखाडी किंवा दुधाळ दिसलं तर खूश व्हा, शेवाळ मेलंय! तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमनं काढा. हिरवी छटा उरली असेल, तर पुन्हा घासा आणि पुन्हा डोस द्या.

हे मात्र कधीच नको

• क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो. दोन्हींच्या वापरात काही तासांचं अंतर ठेवा.

• क्लोरीनची पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एका डब्यात मिसळू नका. त्या पेट घेऊ शकतात.

• बादलीत आधी पाणी, मग पावडर. उलट कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांना लांब ठेवा.

• मोरचूद अंदाजानं टाकू नका. त्यातल्या तांब्यामुळे भिंतींवर डाग पडतात आणि केसही हिरवे होतात.

• जास्त क्लोरीनचं पाणी बागेत, शेतात किंवा कालव्यात सोडू नका. झाडं आणि मासे मरतात.

मुलांना पाण्यात कधी सोडायचं?

यासाठी एक साधी कसोटी आहे: काठावर उभं राहून पूलचा तळ स्पष्ट दिसला पाहिजे. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल दोन हातांवर असलं तरी दिसत नाही आणि बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडतही नाही. शेवाळानं पायऱ्या निसरड्या होतात ते वेगळंच. म्हणून तळ दिसेपर्यंत, क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये येईपर्यंत कुणीही उतरायचं नाही. गेटला कुलूप लावा. पाहुणे आले असले तरी!

पुन्हा होऊ नये म्हणून

आठवड्यातून दोनदा पाण्याची तपासणी, एकदा ब्रश आणि रोज सुमारे आठ तास फिल्टर, एवढं बहुतेक घरांना पुरतं. जोरदार पावसानंतर मात्र लगेच तपासा. महाराष्ट्रात ही काळजी जूनपासून घ्यायची, तर कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त जपायचं, कारण तिथला मोठा पाऊस तेव्हा येतो.

मुलं दोन दिवस रुसतील, रुसू द्या. तळ दिसला की त्यांचा रुसवा आपोआप जाईल.