पापुद्रे सुटतात ते असे

चीन आणि तैवानमध्ये नाश्त्याला खाल्ली जाणारी, रस्त्याकडेच्या तव्यांवर हमखास दिसणारी त्सुंगयोपिंग म्हणजे कांद्याच्या पातीची खुसखुशीत पोळी. तैवानच्या यीलान भागातलं सान्शिंग तर पातीसाठीच नावाजलेलं.

यीस्ट, सोडा काही नाही. ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १८० मिली पाणी, तेही कढत. त्याने मैद्यातला स्टार्च फुगतो, ग्लुटेनचा चिवटपणा कमी होतो आणि पोळी मऊ राहते. मळलेला गोळा अर्धा तास तरी झाकून ठेवावा. घाई केली तर लाटताना कड मागे येते.

खरी करामत साट्याची. मैद्यावर गरम तेल ओतून केलेला हा साटा चिरोट्यांच्या साट्याचा भाऊबंदच! तो पातळ लाटलेल्या पोळीवर फासायचा, मीठ आणि बारीक चिरलेली पात भुरभुरायची, घट्ट सुरळी करून तिचं वेटोळं घालायचं आणि हलक्या हाताने पुन्हा लाटायचं. तेलामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. पात मात्र धुऊन अगदी कोरडी केलेली हवी, नाहीतर पाणी सुटून पोळी फाटते.

मध्यम आचेवर, सढळ तेलात दोन्ही बाजू तांबूस भाजाव्यात. उतरवण्याआधी दोन उलथन्यांनी पोळी कडेकडून आत ढकलली की पापुद्रे मोकळे होतात.