लॅपटॉपसोबत ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ घ्यायची का? दुकानात हो म्हणण्याआधी हे वाचा

बारावीनंतर ॲडमिशन झालं की घरात पुढचा मोठा खर्च येतो तो लॅपटॉपचा. जालन्यातल्या दुकानात ४५ हजारांचा लॅपटॉप पसंत पडतो. बिल करताना सेल्समन म्हणतो, “अजून पाच हजार भरा, तीन वर्षं टेन्शनच नाही.” लॅपटॉप हप्त्यावर घेतला असेल तर हे पाच हजार महिन्याला दोन-चारशेच वाटतात. आपणही हो म्हणून टाकतो.

पण या पाच हजारांत मिळतं काय?

आधी कागदावर काय लिहिलंय ते बघा

बहुतेक लॅपटॉपवर कंपनीची एक वर्षाची वॉरंटी असते. तिचे पैसे किमतीतच आलेले असतात. मदरबोर्ड, डिस्प्ले, कीबोर्ड असा एखादा भाग आपोआप बिघडला, तर कंपनी तो फुकटात दुरुस्त करून देते. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे साधारण हीच सोय पुढची एक-दोन वर्षं.

म्हणजे जे पहिल्या वर्षी मिळत नाही, ते सहसा पुढंही मिळत नाही. लॅपटॉप पडला, त्यावर चहा सांडला, स्क्रीन फुटली, लाइट कमी-जास्त होऊन बोर्ड जळाला, तर ‘हे वॉरंटीत बसत नाही’ असंच उत्तर येतं. त्यासाठी ‘ॲक्सिडेंटल डॅमेज’ हा वेगळा प्लॅन असतो. बॅटरीची वॉरंटीही बऱ्याचदा एकाच वर्षाची असते. आणि तुमचा डेटा गेला तर त्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

वॉरंटी देतंय कोण?

ती लॅपटॉप बनवणारी कंपनी देते, की दुकान, की मधली तिसरीच कंपनी? कंपनीची असेल तर सिरीयल नंबर टाकला की वेबसाइटवर तारखेसकट दिसते. तिसऱ्या कंपनीची असेल तर अटी वेगळ्या असू शकतात. दुरुस्ती कुठं होणार, भाग ओरिजिनल मिळणार का, पूर्ण खर्च मिळणार की घसारा कापून, हे विचारा आणि लेखी घ्या.

जालनेकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

‘ऑन-साइट’ म्हणजे इंजिनीअर तुमच्या घरी येतो. ‘कॅरी-इन’ म्हणजे लॅपटॉप तुम्ही सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायचा. आता समजा तुम्ही मंठ्याला किंवा घनसावंगीला राहता आणि तुमच्या ब्रँडचं सेंटर छत्रपती संभाजीनगरला आहे. आधी जालना गाठायचं, तिथून पुढं अजून साठेक किलोमीटर. लॅपटॉप द्यायला एक चक्कर, आणायला दुसरी. रोजंदारी बुडते ती वेगळीच.

त्यामुळं पैसे भरण्याआधी आपल्या गावाचा पिनकोड सांगा आणि ऑन-साइट सेवा तिथंपर्यंत येते का, ते कंपनीच्या कस्टमर केअरला विचारा.

हिशोब काय सांगतो?

समजा वॉरंटी ५,००० रुपयांची आहे आणि मदरबोर्ड बदलायला १५,००० लागतात. तर असे तीन लॅपटॉप घेतले आणि त्यातला एक त्याच काळात बिघडला, तरच तुमचे पैसे वसूल. वॉरंटी विकणारा स्वतःचा नफा धरूनच किंमत ठरवतो. म्हणून सरासरीत ग्राहकाचं थोडं नुकसानच होतं.

तरी प्रत्येक घर सरासरीवर चालत नाही. अचानक १५ हजार उभे करणं जमणार नसेल आणि लॅपटॉप बंद म्हणजे अभ्यास किंवा धंदा बंद असेल, तर कंपनीची ऑन-साइट वॉरंटी घेण्यात अर्थ आहे. लॅपटॉप रोज एसटीतून कॉलेजला जाणार असेल तर ॲक्सिडेंटल डॅमेजचा विचार आधी करा. लॅपटॉप स्वस्तातला असेल, घरातच राहणार असेल, तर तेच पाच हजार बँकेत बाजूला ठेवा. बिघडला नाही तर पैसे तुमचेच.

जबरदस्ती केली किंवा क्लेम नाकारला तर?

‘वॉरंटी घेतली तरच लॅपटॉप देतो’ असं दुकानदार म्हणू शकत नाही. एका वस्तूसोबत दुसरी वस्तू किंवा सेवा घ्यायला लावणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते.

क्लेम चुकीच्या कारणानं नाकारला तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथं काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळुरूत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे जालन्यातच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीची मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल, वॉरंटीचा कागद आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट जपून ठेवा.

आणि हो, घाई करू नका. पहिल्या वर्षाची वॉरंटी चालू असेपर्यंत अनेक कंपन्या एक्स्टेंडेड वॉरंटी नंतरही विकतात. ती मुदत कधी संपते, ते विचारा आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.